भातसाचं पाणी दोन फुटी टँकमध्ये

एका दिवसात मी सगळ्यांत जास्त मासे मारले तो रविवार होता, आणि त्या दिवशी मी घरातल्या मासे आणि पाणझाडांच्या टँकची सेवाच करत होतो. सहा आठवडे पाणी बदललं नव्हतं. मनाला लागलं म्हणून अर्धं पाणी काढलं, क्लोरीन घालवलेलं ताजं पाणी भरलं, हात पुसले आणि चहा घेऊन समोर बसलो. चहा संपायच्या आत टेट्रा मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. रात्रीपर्यंत अठरापैकी अकरा गेले. पाण्यात क्लोरीन नव्हतं, तापमान बरोबर होतं, झाडं हिरवीगार होती. ते कशाने मेले हे कळायला मला दोन महिने लागले. तुम्हाला ते पाचव्या पायरीवर कळेल, पण तिथे थेट उडी मारू नका. आधीच्या चार पायऱ्या नीट झाल्या तर तसा रविवार तुमच्यावर येणारच नाही.

पुढची सगळी मापं दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टँकची आहेत. कागदावर तो साधारण ५७ लिटरचा. तळाची खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की हाती ४५ लिटर पाणी राहतं. तुमचा टँक मोठा असेल तर त्या पटीत वाढवा.

पायरी पहिली: आपल्या नळाची ओळख

मुंबईला सात तलावांचं पाणी येतं: भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी. यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. हे सगळं पावसाचं पाणी, काळ्या बेसॉल्टवरून वाहत आलेलं. चुनखडीच्या प्रदेशात पाणी वाटेत भरपूर कॅल्शियम उचलतं. आपला काळा पाषाण इतक्या सहजी विरघळत नाही, म्हणून नळाला येतं ते मऊ पाणी. परदेशातले व्हिडिओ पाहून 'पाणी मऊ कसं करायचं' यावर डोकं खर्च करणारे मुंबईकर मला भेटतात तेव्हा गंमत वाटते. त्यांच्याकडे लोक ज्यासाठी आरओचं यंत्र विकत घेतात, ते आपल्याकडे महापालिका घरपोच देते.

पण ते तुमच्या नळापर्यंत तसंच पोचतं का, हे तपासावं लागतं. भांडुपसारख्या केंद्रातून शुद्ध होऊन निघालेलं पाणी तुमच्या इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत येतं, मग गच्चीवरच्या टाकीत चढतं, आणि मग तुमच्याकडे. टाकी सिमेंटची आणि नवी असेल तर भिंतींतला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे याचा आकडा, चढतो. काही इमारतींत फ्लशची लाइन वेगळी असते आणि तिला बोअरवेलचं पाणी असतं. बादली चुकून त्या नळाखाली लावू नका. टंचाईत सोसायटीने टँकर मागवला तर तो कुठल्या विहिरीचा, देव जाणे.

म्हणून पहिली खरेदी माशांची नको, मापाच्या साधनांची. टीडीएस मीटर घ्या, तो स्वस्त असतो. तो पाण्यात एकूण किती क्षार आहेत एवढंच सांगतो, कुठले ते नाही. पण 'आज नळाला काहीतरी वेगळं आलंय' हे सांगायला त्याच्याइतका प्रामाणिक पहारेकरी नाही. सोबत थेंबांचे किट घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, जीएच आणि केएच. कागदी पट्ट्या आपल्या दमट हवेत लवकर खराब होतात आणि खोटं बोलायला लागतात. क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा कुर्ल्याला माशांच्या दुकानांत किट मिळतं. बाटलीवरची मुदत बघून घ्या, दुकानदार 'चालतं हो' म्हणाला तरी.

जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. केएच म्हणजे पाण्याची आम्ल सोसायची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेटची. दोन्ही डिग्रीत मोजतात आणि १ डिग्री म्हणजे साधारण १७.९ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत तेवढे भाग. बहुतेक किटमध्ये ५ मिली पाण्यात रंग बदलेपर्यंत थेंब टाकायचे. जितके थेंब तितक्या डिग्री. माझ्या नळाला टीडीएस ७० च्या आसपास, जीएच ३ आणि केएच २ येतो. तुमचा याच्या जवळपास असेल तर बोअरवेलचं पाणी मिसळलेलं नाही असं समजा. टीडीएस ४०० च्या वर दिसला तर सोसायटीच्या वॉचमनला विचारा, पंप कुठला चालू आहे ते.

पीएच मात्र नळाखाली ग्लास धरून लगेच मोजू नका. पाइपातल्या दाबाने विरघळलेले वायू आकडा बिघडवतात. ग्लास रात्रभर उघडा ठेवा, सकाळी मोजा. हे आकडे वहीत तारखेसह लिहा. जानेवारीत एकदा, मेमध्ये एकदा आणि जुलैत एकदा. एकाच नळाचे तीन वेगळे स्वभाव दिसतील.

पायरी दुसरी: पिंप आणि क्लोरीन

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात किमान ०.२ पीपीएम शिल्लक क्लोरीन लागतं, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की मात्रा वाढते. माणसाला त्याचा नुसता वास येतो, पण माशांचे कल्ले भाजतात आणि फिल्टरमधले आपल्याला हवे असलेले जिवाणूही मरतात.

चाळीत वाढलेल्यांना पाणी भरून ठेवणं शिकवावं लागत नाही. पिंप भरा, चोवीस तास उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातं; आत हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा) सोडला तर आणखी लवकर. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोवाले ज्याला हायपो म्हणायचे ते. दुकानातलं साधं अँटी-क्लोरीन बहुधा हेच असतं. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून ठेवा आणि २० लिटरच्या बादलीला २ मिली घाला.

पिंप चोवीस तासांहून जास्त ठेवणार असाल तर जाळीदार कापड बांधा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि महापालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघरी तपासायला येतात. 'हे माशांसाठी आहे' हे उत्तर त्यांनी बरंच ऐकलेलं असतं.

एक इशारा माझ्या अनुभवातला. सोसायटीने गच्चीवरची टाकी धुतली की दोन दिवस पाणी बदलायचं नाही. टाकी ब्लीचिंग पावडरने धुतात, आणि पहिल्या पाण्याला येणारा वास स्विमिंग पूलची आठवण करून देतो. आमच्या लिफ्टमध्ये टाकी धुण्याची नोटीस लागली की मी पिंप आदल्या दिवशीच भरून घेतो.

आणि तुरटी? आजीने पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवलेली आपण सगळ्यांनी पाहिलीय. टँकमध्ये ती नको. तुरटी केएच खाते, आणि आपल्याकडे आधीच तो दोनच आहे.

पायरी तिसरी: तळाला काय घालायचं

दोन पर्याय. एक, अ‍ॅक्वासॉइल: भाजलेल्या मातीच्या गोळ्या. त्यात झाडांसाठी अन्न असतं, पण सुरुवातीचे काही आठवडे ती अमोनिया सोडते आणि पाण्यातला केएच शोषून घेते. दुसरा, साधी काळी खडी आणि मुळांपाशी पुरायच्या खताच्या गोळ्या.

दुकानदार तुम्हाला पहिला पर्याय विकेल. माझं मत नवख्याने खडीपासून सुरुवात करावी असं आहे. आपलं पाणी मुळात इतकं हलकं की सॉइलने त्यातला केएच काढून घेतला की पाण्याला आधारच उरत नाही. अनुभवी माणूस ते सांभाळतो. पहिल्या टँकला ती परीक्षा कशाला?

खडी आणि दगड आपल्याकडे फुकट मिळतात, पण तपासून घ्या. बेसॉल्ट स्वतः पाण्यात काही सोडत नाही. मात्र त्याच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे स्फटिक असतात. ते कॅल्साइट असेल तर हळूहळू विरघळून पाणी जड करतं. दगडावर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका. फेस आला तर तो दगड कुंडीत ठेवा. हातमोजे घाला आणि बाल्कनीत करा. जुहूची वाळू नको, त्यात शिंपल्यांचा चुरा आणि मीठ. संगमरवराचे तुकडे नकोत. नर्सरीची कुंडीची माती तर अजिबात नको. त्यात शेणखत किंवा गांडूळखत असतं आणि चार दिवसांत टँकचा उकिरडा होतो.

पायरी चौथी: विरजण लावणं

मासे लघवी करतात, अन्न कुजतं, पानं सडतात. सगळ्याचा अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट झाडांचं खत. हे जिवाणू दुकानातून आणलेल्या नव्या फिल्टरमध्ये नसतात, ते वाढवावे लागतात. दुधाचं दही व्हायला विरजण आणि वेळ लागतो, तसंच.

झाडं लावा, फिल्टर सुरू करा, मासे आणू नका. जिवाणूंना खायला अमोनिया हवा. त्यासाठी नवसागर चांगला, म्हणजे अमोनियम क्लोराइड. एकेकाळी कल्हईवाल्याच्या पोतडीत असायचा तोच. पण कल्हईचा नको, रसायनांच्या दुकानातला शुद्ध घ्या. ४५ लिटरला ०.३ ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. रोज मोजा. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग नायट्राइट उतरेल. तळ गाठला की पुन्हा तेवढाच नवसागर. घातल्यापासून चोवीस तासांत दोन्ही शून्य आले की विरजण लागलं. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदला आणि मासे आणा, तेही सगळे एकदम नाही.

याला चार ते सहा आठवडे जातात. मुंबईच्या उबेत कधी थोडं लवकर होतं. मित्राच्या चालू टँकमधला फिल्टरचा स्पंज मिळाला तर आपल्या टँकच्या पाण्यात पिळून घ्या. घाणेरडं दिसेल, पण तेच ताजं विरजण. आणि पुढे कधीही स्पंज नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्यात धुवा, नाहीतर क्लोरीनने विरजण मरतं.

मध्येच सगळं थांबलं, अमोनिया उतरेना, तर घाबरून बाटलीतले जिवाणू विकत आणण्याआधी केएच मोजा. बहुतेकदा तो शून्यावर आलेला असतो. का, ते आता.

पायरी पाचवी: केएच, पीएच आणि तो रविवार

नवखा माणूस पीएचच्या मागे धावतो. पीएच ७ पाहिजे म्हणून कधी पीएच-अप, कधी पीएच-डाउन, सकाळी एक बाटली, संध्याकाळी दुसरी. माशांना पीएच ६.५ असला काय नि ७.५ असला काय, सवय होते. आज हा आणि उद्या तो, याची सवय होत नाही. पीएच हा परिणाम आहे. धरून ठेवायचा तो केएच.

कारण असं: अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते बायकार्बोनेट खातं. टँक चालू आहे म्हणजे केएच रोज थोडा थोडा खर्च होतोच. ज्या शहरात नळाला केएच १० येतो तिथे महिनाभर कोणी पाहिलं नाही तरी चालतं. आपल्याकडे सुरुवातच दोनपासून. मासे जास्त, पाणी बदलायचा कंटाळा, की काही आठवड्यांत केएच शून्य. त्यानंतर पीएच घसरत जातो, सहाच्या खाली. तिथे ते जिवाणू काम जवळजवळ बंद करतात. अमोनिया साठू लागतो.

आणि तरी मासे ठीक दिसतात. हीच यातली मेख. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: एक विषारी वायुरूप अमोनिया, दुसरं बरंच निरुपद्रवी अमोनियम. कुठलं किती हे पीएच ठरवतो. ३० अंश तापमानाला पीएच ७ असताना शंभरातला एकाहून कमी भाग विषारी असतो. पीएच ८ झाला की साडेसात भाग. पीएच ६ च्या खाली विषारी भाग जवळपास नसतोच. आम्लधर्मी पाण्यात माझे टेट्रा साठलेल्या अमोनियमसोबत सुखाने पोहत होते.

मग मी रविवारी अर्धं ताजं पाणी ओतलं. ताज्या पाण्याने केएच आणला, पीएच काही मिनिटांत सहाच्या आतून साडेसातच्या पुढे गेला, आणि जे अमोनियम गप्प पडून होतं त्यातला विषारी भाग पन्नासएक पटींनी वाढला. अर्धं पाणी बदलून अमोनिया निम्मा झाला खरा, पण त्या पटीपुढे निम्मा म्हणजे काय? वर पीएचचा एवढा धक्का वेगळाच. दुसऱ्या दिवशी किटने अमोनियाचा शेवटचा, गडद हिरवा रंग दाखवला, आणि मी किट खराब आहे म्हणून फेकून दिलं. दुसऱ्या किटने तोच रंग दाखवला तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

तर करायचं ते असं. केएच दर आठवड्याला मोजा. दोनच्या खाली जाऊ लागला तर बदलायच्या पाण्यात खाण्याचा सोडा घाला. ४५ लिटरचा केएच १ डिग्रीने वाढवायला साधारण १.३५ ग्रॅम लागतो, म्हणजे चहाचा पाव चमचा थोडा शीग घेऊन. बेकिंग पावडर नव्हे, सोडा. डब्यांवरची नावं नीट वाचा. टँकमध्ये थेट टाकू नका, ग्लासभर पाण्यात विरघळवून, आणि दिवसाला एका डिग्रीहून जास्त नको. मी केएच ३ वर ठेवतो. टेट्रा, रासबोरा, बहुतेक झाडं यांना एवढं पुरतं. गप्पी आणि मॉलीला थोडं जड पाणी मानवतं, त्यांच्यासाठी ५ करा.

आणि तुमचा टँक आधीच महिनोन्‌महिने दुर्लक्षित असेल तर आधी अमोनिया मोजा. तो दिसत असेल आणि पीएच सहाच्या आसपास असेल, तर एकदम अर्धं पाणी बदलण्याची चूक करू नका. रोज १० टक्के बदला, माशांचं खाणं बंद ठेवा, आठवडाभरात हळूहळू वर या.

पायरी सहावी: कार्बन डायऑक्साइड, हवा असेल तर

पहिल्या टँकला हा गॅस नको. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरिया ही झाडं साध्या प्रकाशात, दिवसाला सहा-सात तास दिवा ठेवून, गॅसशिवाय छान जगतात. क्रिप्टोची पानं लावल्यावर वितळून जातात, तेव्हा रोप मेलं म्हणून उपटू नका. मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात.

गालिच्यासारखी किंवा लालभडक झाडं हवी असतील तर सिलिंडर लागतो. लक्ष्य साधारण ३० पीपीएम. कार्बन डायऑक्साइड विरघळला की पीएच उतरतो, पण केएच तसाच राहतो, म्हणून दोन्ही मोजले की अंदाज लागतो. केएच २ असताना पीएच ६.३ वर आला, केएच ४ असताना ६.६ वर, केएच ६ असताना ६.८ वर, म्हणजे तुम्ही ३० पीपीएमला पोचलात. तळाला सॉइल असेल तर तिची आम्लं हा हिशोब चुकवतात. तिथे ड्रॉप चेकरवर, म्हणजे टँकच्या आत लावायच्या छोट्या कुपीवर, विसंबा. त्यात ४ डिग्री केएचचं पाणी आणि रंगद्रव्य असतं: निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे गॅस कमी करा. रंग बदलायला एक-दोन तास लागतात, लगेच नळ फिरवू नका. आणि रंग काहीही म्हणो, मासे वर येऊन धापा टाकू लागले तर गॅस बंद.

गॅसने उतरलेला पीएच माशांना त्रास देत नाही, कारण क्षार तेच असतात. सोडा घालून तो 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

पायरी सातवी: कृषी सेवा केंद्रातली खतं

इथे मराठी माणसाचा फायदा आहे. गावी कोणाचं द्राक्षाचं किंवा डाळिंबाचं शेत असेल तर त्यांना फोन करा. परदेशी बाटल्यांत जे विकतात, ते ठिबकमधून सोडायच्या विद्राव्य खतांतच असतं. तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. शून्य-बावन्न-चौतीस म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. शून्य-शून्य-पन्नास म्हणजे पोटॅशियम सल्फेट. काकांना हे आकडे पाठ असतात.

एकोणीस-एकोणीस-एकोणीस मात्र घेऊ नका, काका कितीही आग्रह करोत. त्यात युरिया आणि अमोनियाचं नत्र असतं. शेतात उत्तम, टँकमध्ये विष. बारा-एकसष्टलाही तोच नियम.

अर्धा लिटर आरओच्या पाण्यात ३६ ग्रॅम तेरा-शून्य-पंचेचाळीस विरघळवा. याचे १० मिली ४५ लिटरमध्ये घातले की नायट्रेट सुमारे १० पीपीएमने वाढतं. दुसऱ्या बाटलीत अर्ध्या लिटरला ३.२ ग्रॅम शून्य-बावन्न-चौतीस. त्याचे १० मिली म्हणजे फॉस्फेट १ पीपीएम. गॅस नसलेल्या टँकला दोन्हींचे आठवड्याला ३-४ मिली पुरतात. गॅस आणि तेज दिवा असेल तर १० मिली आठवड्यातून दोन-तीनदा, आणि आठवड्याला अर्धं पाणी बदलणं सक्तीचं. सूक्ष्म अन्नद्रव्यं मात्र मत्स्यालयासाठीच्या छोट्या बाटलीची घ्या आणि फॉस्फेटच्या दिवशी घालू नका. लोह आणि फॉस्फेट एकमेकांना धरून तळाला बसतात. बाटल्यांवर ठळक नावं लिहा, लहान मुलं असतील तर कुलपात ठेवा.

मुंबईच्या पाण्यात एक कमतरता हमखास भेटते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची. जीएच ३ च्या खाली असेल आणि नवी पानं वाकडी, आखडलेली येत असतील तर २ ग्रॅम जिप्सम आणि १.५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घाला. ४५ लिटरचा जीएच साधारण २ डिग्रीने वाढतो आणि केएचला धक्का लागत नाही. जिप्सम सावकाश विरघळतं, एक-दोन दिवस पाणी धुरकट दिसलं तरी चालेल.

पानं वाचायला शिका. जुनी पानं पिवळी पडून गळू लागली तर नत्र कमी. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली तर पोटॅश. नवी पानं फिकट, जवळजवळ पांढरी आली तर लोह. शेवाळ आलं की लगेच खत बंद करण्याची प्रथा आहे, ती मला पटत नाही. बहुतेकदा दिवा फार वेळ चालू असतो.

पायरी आठवी: दर आठवड्याचं पाणी

आठवड्यातून एकदा, एकाच वारी, ३० टक्के. नवं पाणी टँकच्याच तापमानाचं. एवढं नियमित केलंत तर केएच आपोआप भरून निघतो.

मधल्या दिवसांत उडून जाणारं पाणी भरताना लक्षात घ्या, वाफेसोबत क्षार जात नाहीत, मागे राहतात. ती भर आरओच्या शुद्ध पाण्याने घाला. घरच्या आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका, काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. ते लादी पुसायला ठेवा.

मे महिन्यात टँक ३१ अंशांपर्यंत जातो. ३० अंशांना पाण्यात जेमतेम साडेसात पीपीएम प्राणवायू मावतो. वरचं झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. कोरड्या हवेत तो चार-पाच अंश उतरवतो, आपल्या दमट हवेत दोन मिळाले तरी समाधान माना. गॅस असेल तर या दिवसांत थोडा कमी.

जूनमध्ये तलाव तळाला गेलेले असतात, आणि पाऊस लांबला की पाणीकपात येते. २०२४ च्या जूनमध्ये १० टक्के होती. तेव्हा सोसायट्या टँकर मागवतात. पिंप भरण्याआधी टीडीएस मोजा. मग पहिला मोठा पाऊस पडतो, नळाला दोन-चार दिवस मातकट पाणी आणि क्लोरीनचा वास येतो. त्या आठवड्यात पाणी नाही बदललं तरी चालेल. बदललंच तर हायपो दीडपट.

गणपतीला गावी जाताना

हा प्रश्न मला दर भाद्रपदात येतो. दहा दिवस जायचं, टँकचं काय?

निघायच्या आदल्या दिवशी मोठी साफसफाई करू नका. काही बिघडलं तर ते तुम्ही चिपळूणच्या पुढे असताना कळेल. चार दिवस आधी नेहमीचं ३० टक्के पाणी बदला, केएच ३-४ वर आणून ठेवा, फिल्टरचा स्पंज हलका धुवा. खत बंद. दिवा टायमरवर पाच तास. गॅस असेल तर पूर्ण बंद आणि सिलिंडरचा मुख्य नळ घट्ट.

मोठे, धडधाकट मासे आठवडा-दहा दिवस खाण्याशिवाय राहतात. शेजाऱ्यांकडे किल्ली देणार असाल तर खाण्याचा डबा देऊ नका, कपाटात ठेवून कुलूप लावा. शेजारच्या काकू प्रेमापोटी रोज मूठभर घालतात आणि आपण आल्यावर अमोनियाचा तो गडद हिरवा रंग पुन्हा बघतो. द्यायचंच असेल तर कागदाच्या तीन पुड्या बांधा, प्रत्येकीत दोन चिमटी, वर वार लिहून: मंगळवार, शुक्रवार, सोमवार.